चारशे सात

दारसैतच्या या घरात कात्री एकच.
सकाळी कोथिंबिरीची, दुपारी कागदाची.
धुऊन घेते, तरी कार्डांना
कधी कधी मिरचीचा वास लागतो.

पुठ्ठा मी कधी विकत आणला नाही.
दर गुरुवारी लिंबाद्रीकडून यांचे पाच शर्ट येतात,
प्रत्येकाच्या पोटात एक पांढरा पुठ्ठा,
कॉलरनं मान टाकू नये म्हणून.
शर्ट कपाटात जातात.
पुठ्ठे माझ्या गादीखाली.

अकरा वर्षांचे पुठ्ठे.
त्यांतून झालं फिलोमिनाच्या नातवाचं बाप्तिस्म्याचं,
घरमालकीण शम्साच्या लेकीच्या मेंदीचं,
एक माफीचंही, ते द्यायचं राहिलं.

भेंडी आडवी कापून रंगात टेकवली
की पाच पाकळ्या.
जेवणाचा काटा ओढला की गवत,
जे या खिडकीतून दिसत नाही.
खिडकीतून दिसतो डोंगर,
भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा.
तांदळाच्या पोत्याची शिवण
नेमकं टोक धरून ओढली
तर अख्खा दोरा सरसर हातात येतो.
चुकीचं धरलं तर गाठ.
मला अजून टोक ओळखता येत नाही.

"कॅन्सल करके जाता, भाभी,"
लिंबाद्री शर्ट देताना म्हणाला.
एकवीस वर्षांनी माणूस घरी निघतो,
त्याला इथे कॅन्सल म्हणतात.
आर्मूरच्या पलीकडे कुठेतरी त्याचं गाव,
दोन खोल्यांवर आता स्लॅब पडलाय.

त्याच्यासाठी बसले.
कागद चहाच्या पाण्यात बुडवला, जुना दिसावा म्हणून,
जसं काही आम्ही पुरेसे जुने नव्हतो.
फुलांच्या मधोमध बटणं,
त्यानंच वेळोवेळी
पेपरच्या पुडीत बांधून धाडलेली.
कुठल्या शर्टाची, ते ना त्याला आठवलं ना मला,
तशीच साठली होती वाटीत.
आत काय लिहू?
त्याची तेलुगू मला येत नाही,
माझी मराठी त्याला.
कोरंच ठेवलं.

वाळताना कार्डाला बाक आला, पापडासारखा.
तसंच घेऊन दुकानात गेले.

त्यानं दोन्ही हातांनी घेतलं,
उघडलं, मिटलं,
आणि एक शब्द न बोलता टेबलावर पसरलं.
वर ओलं फडकं.
बटणं अंगठ्यानं चाचपत
इस्त्री त्यांच्या मधल्या गल्ल्यांतून फिरवली,
एकालाही न शिवता.
दुकानभर चहाचा वास.
मग सवयीनं उलटं केलं, मागून फिरवायला,
आणि थांबला.

कोपऱ्यात निळ्या मार्करनं ४०७.
चारचा पाय मोडलेला, त्याच्याच हातचा.

"ये तो मेरा नंबर है," म्हणाला.
मी म्हटलं, नाही हो, आमचा.

त्याची बॅग तिथेच उघडी होती.
जाताना घालायचा शर्ट त्यानं पुन्हा उलगडला,
कार्ड पोटात ठेवलं,
बाह्या मागे, घडी, टाचणी.
मग शर्टावरून एकदा तळहात.
माझ्याकडे बघितलं नाही.

आता नवा मुलगा येतो.
शर्ट हँगरवर आणतो, वर प्लॅस्टिक.
कॉलर ताठ असते, तक्रार काही नाही.

गादीखाली चौदा उरलेत.
फिलोमिनानं नाताळची सहा मागितलीत.
बघते.
आज चारच देईन म्हणते,
दोन टिश्यूच्या खोक्यांतून काढीन.